नियम लिहिणारा माणूसच

सोर्स कोडमध्ये आपोआप बदल करणाऱ्या साधनांवर अनुभवी प्रोग्रामरांचा आक्षेप ठरलेला: यंत्राला कोडचा अर्थ कळत नाही, तेव्हा दुरुस्ती त्याच्या हाती देऊ नये. यातले विधान खरे आहे, निष्कर्ष खोटा.

लिनक्स कर्नल पाहा. एखाद्या फंक्शनची रचना बदलली की ते वापरणारे कितीतरी ड्रायव्हर बदलावे लागतात. याच कामासाठी संशोधक जुलिया लॉल आणि सहकाऱ्यांनी ‘कॉक्सिनेल’ हे साधन घडवले. ते २००८ मध्ये खुले झाले. कॉक्सिनेल स्वतः काहीच ठरवत नाही. त्याला नियम द्यावा लागतो, आणि तो पॅचसारखाच दिसतो: वजा चिन्हाची ओळ काढायची, अधिक चिन्हाची घालायची. केमॅलॉकने मेमरी घेऊन पुढे मेमसेटने ती शून्य केली असेल, तर दोन्हींऐवजी एकच केझॅलॉक लिहा, असा एक नियम. मधल्या ओळींच्या जागी तीन टिंबे पुरतात, कारण हे साधन नुसती अक्षरे जुळवत नाही. कोड कोणत्या वाटेने चालेल तेही तपासते. २०१८ पर्यंत कर्नलमधल्या सहा हजारांहून अधिक कमिट त्याच्या मदतीने झाल्या होत्या.

“पण हाताने केलेले काम सुरक्षित असते.” असते का? डेबियन या लिनक्स वितरणात २००६ साली ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीच्या दोन ओळी माणसानेच विचारपूर्वक बंद केल्या, मेमरी तपासणाऱ्या साधनाची तक्रार थांबावी म्हणून. परिणामी यादृच्छिकतेसाठी जवळजवळ प्रोसेस क्रमांकच उरला, आणि तिथे तयार झालेल्या गुप्त किल्ल्या अंदाजाने शोधता येऊ लागल्या. हे उघड व्हायला मे २००८ उजाडला.

आक्षेपाला एक बळकट आधार मात्र आहे. पायथन २ चा कोड ३ मध्ये नेणारे ‘टू-टू-थ्री’ प्रिंटला कंस घालून देई. पण एखादी स्ट्रिंग मजकूर आहे की नुसत्या बाइट, हे लेखकाच्या मनात असते, कोडमध्ये दिसत नाही. तिथे माणसाच्या निर्णयाला पर्याय नव्हता. साधनाची मर्यादा ही अशी नेमकी सांगता येते, म्हणूनच ते वापरता येते.

खरा लाभ वेगाचा नाही, तपासणीचा आहे. शेकडो फाइलींतले बदल वाचताना डोळा थकतो. दहा ओळींचा नियम नीट वाचता येतो, त्यावर वाद घालता येतो, आणि कर्नलबाहेरच्या ड्रायव्हरवरही तो पुन्हा चालवता येतो. म्हणून मेंटेनरांनी मोठा यांत्रिक बदल स्वीकारताना त्यामागचा नियम कमिटच्या संदेशातच मागावा, आणि नियम नसेल तर पॅच परत पाठवावा.