पडद्यामागे : बरबटायला आधी स्वच्छ जागा हवी

स्लाइमचा प्रसंग चित्रित करायचा म्हटलं की सगळ्यांचा जीव रंगात आणि घट्टपणात अडकतो. बादली तयार होते आणि मग ऐनवेळी प्रश्न पडतो, ओतायचं कुठे? उत्तर ठरलेलं: गच्चीचा कोपरा, गॅरेज, जुनी पडवी. थोडक्यात, घाण झाली तरी चालेल अशी जागा. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. जिथे एक थेंबही सांडलेला खपणार नाही, स्लाइम खुलतो तो तिथेच.

'घोस्टबस्टर्स' (१९८४) आठवा. भूत बिल मरेला गाठतं ते बड्या हॉटेलच्या कॉरिडॉरमध्ये. भूत अंगावर आदळतं तो क्षण तर दाखवलेलाच नाही. डॅन आक्रॉइड धावत येतो तेव्हा मरे गालिच्यावर आडवा, चिकचिकाटाने माखलेला. तरी आपल्याला शिसारी येते आणि हसूही फुटतं. ही किमया त्या नीटनेटक्या गालिच्याची आहे. तोच माणूस गटारात पडलेला दाखवला असता तर कोणाला काय वाटलं असतं?

कॅनडात ओटावाच्या सीजेओएच वाहिनीवर १९७९ मध्ये 'यू कान्ट डू दॅट ऑन टेलिव्हिजन' हा मुलांचा कार्यक्रम सुरू झाला. त्यात 'मला माहीत नाही' म्हटलं की डोक्यावर हिरवा स्लाइम पडे. एकटं मूल, समोर कॅमेरा, मागे फारसं काही नाही. त्यामुळे भुवईवर अडून मग नाकावरून ओघळणारी धार नीट दिसायची.

त्याच वर्षीचा 'एलियन' हा चित्रपट स्वच्छ जागेच्या या नियमाला अपवाद वाटेल. तिथे यान काळोखं, ओलं आणि परग्रहावरच्या जीवाची लाळही तशीच. पण तिथे भीती हवी होती, फजिती नव्हे. शिवाय काळोखात स्लाइम दिसायला मागून किंवा बाजूने प्रकाश लागतो. तो साधणं घरच्या दिव्यांना जड जातं.

रील करणाऱ्या पोरांना म्हणूनच सांगतो, हिरव्या क्रोमा पडद्यासमोर हिरवा स्लाइम ओतू नका. पडद्याबरोबर तोही गायब होतो. चकचकीत टाइल्समध्ये दिवे दिसतात. पांढऱ्याशुभ्र भिंतीपुढे फिकट, अर्धपारदर्शक स्लाइम विरून जातो. कागदी पार्श्वभूमी पहिल्याच टेकला भिजून फाटते. त्यापेक्षा फ्लेक्सवाल्याकडून गडद निळा, चकाकी नसलेला एकरंगी फ्लेक्स करून घ्या. भिंतीवरून तो घडी न पाडता जमिनीवर उतरवा, म्हणजे मधली रेघ दिसत नाही आणि ओल्या फडक्याने पुसून दुसरा टेक घेता येतो. त्यापुढे एक टेबल, रचून ठेवलेल्या वह्या आणि इस्त्रीचा शर्ट घातलेलं पोर, एवढं पुरे.

फ्लेक्स संपतो तिथे मात्र ओलं गोणपाट अंथरा. माखलेलं पोर घसरतं ते बहुधा शॉट संपल्यावर, बाथरूमकडे धावताना.