चोरांसाठी केलेलं औषध डाऊनीवर चाललं

ऑक्टोबर छाटणीनंतर ढगाळ हवा आली की द्राक्षवाल्याच्या तोंडी एकच नाव, डाऊनी. मोरचूद-चुन्याचं बोर्डो तर द्राक्षवाल्यापासून कोकणातल्या सुपारीवाल्यापर्यंत सगळ्यांच्या ओळखीचं. पण ते सापडलं कसं, ही गोष्ट ऐकण्यासारखी आहे.

बोर्डो हे फ्रान्समधलं शहर. आजूबाजूला सगळ्या द्राक्षबागा. 1860 नंतर तिकडं अमेरिकेतून फायलोक्झेरा नावाची मुळांवरची कीड आली आणि बागाच्या बागा वाळल्या. मग अमेरिकेतलेच काटक वेल खुंट म्हणून आणले. (आपला डॉगरीज खुंटही मूळचा तिकडचाच.) त्या वेलांच्या ये-जा करण्यात डाऊनी आली. 1878 साली ती फ्रान्समध्ये दिसली. एक दुखणं घालवायला गेले, दुसरं घरात आलं.

1882 चा ऑक्टोबर. बोर्डोचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मिलार्दे मेदॉक भागातल्या सेंत-जुलियाँ गावाकडच्या बागा बघत होते. डाऊनीनं बागांची पानं गळालेली. पण रस्त्याकडेचे वेल मात्र हिरवे, आणि पानांवर निळसर थर! त्यांनी चौकशी केली. उत्तर मिळालं, येणारे-जाणारे घड तोडून खातात, म्हणून कडेच्या वेलांवर मोरचूद आणि चुना कालवून मारतो. विषारी दिसतं, मग कुणी हात लावत नाही.

म्हणजे औषध शेतकऱ्याच्या हातात होतंच, पण चोरासाठी!

मिलार्देंनी लगेच डंका पिटला नाही. रसायनशास्त्रज्ञ गेयाँ आणि बागेचे व्यवस्थापक दाविद यांना बरोबर घेऊन प्रयोग केले आणि 1885 साली कृती जाहीर केली. 100 लिटर पाण्यात 8 किलो मोरचूद, 30 लिटर पाण्यात 15 किलो चुना. आज आपण 1 टक्क्याचं करतो, 100 लिटरला मोरचूद 1 किलो, चुना 1 किलो. लोखंडी सुरी बुडवून बघायची, तांबूस थर चढला तर चुना कमी पडला. आणि हे रोग यायच्या आधीचं औषध आहे. तांबं बीजाणू रुजू देत नाही, पण पानात शिरलेला रोग त्यानं बाहेर निघत नाही.

आता माझं मत. आपल्यात दोन प्रकारचे लोक आहेत. एक म्हणतात, बापजाद्यांना सगळं ठाऊक होतं. दुसरे म्हणतात, शेतकऱ्याला काय कळतं. ही गोष्ट दोघांनाही खोटं पाडते. शेतकरी फवारत होता, पण तो थर पानं वाचवतोय हे जगाला कळायला मिलार्दे यावे लागले. आणि ते रस्त्यानं न जाता खोलीतच बसले असते, तर त्यांनाही ते दिसलं नसतं.

आज आपण काय करतो? दुकानदारानं सांगितलं, फवारलं. मोबाईलवर शेड्यूल आलं, फवारलं. सगळा प्लॉट एकसारखा झाकला, मग कशानं फरक पडला हे कळणार कसं? सेंत-जुलियाँत फवारलेले आणि न फवारलेले वेल शेजारी-शेजारी होते म्हणून तर शोध लागला.

म्हणून नवीन औषध, नवीन खत वापराल तेव्हा कडेची एक ओळ त्याच्याविना ठेवा. तारीख, पाऊस, प्रमाण वहीत लिहा. एका ओळीचं नुकसान परवडतं, पण दर हंगामाला कामाला न येणाऱ्या औषधाचं बिल परवडत नाही. आणि कृषी पदवीधर मित्रांना विनंती, प्लॉटवर याल तेव्हा फोटो काढण्याआधी बांधावरून एक चक्कर मारा आणि शेतकऱ्याला विचारा, "ही ओळ वेगळी का दिसते?"

तुमच्या रानात अशी वेगळी ओळ असेल तर जरूर कळवा.