माशाचे शिळेपण कोणी ठरवायचे?

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने कार्बनच्या नळ्यांवर लिहावे, याचे आमच्या विज्ञानशाखेच्या मित्रांना हसू येईल. हसोत बापडे! मांडवीत राहणाऱ्याला मासळीवर बोलण्याचा हक्क आहे, आणि हा विषय अखेर मासळीचाच आहे.

मासा मेला की त्याच्या स्नायूंतील ऊर्जा देणारे द्रव्य टप्प्याटप्प्याने मोडत जाते आणि हायपोझँथिन व झँथिन साचू लागते. झँथिन ऑक्सिडेज नावाचे प्रथिन (ते गाईच्या दुधातही असते) नेमके यांनाच गाठून त्यांचे रूपांतर करते. या क्रियेतून मिळणारा वीजप्रवाह मोजला, की शिळेपण आकड्यात सांगता येते. पण प्रवाह अगदी क्षीण. तेथे या नळ्या कामी येतात. १९९१ साली जपानच्या सुमिओ इजिमांनी जगाच्या नजरेस आणलेल्या या नळ्या केसाहून हजारो पटींनी बारीक आहेत. त्यांच्या जाळ्यावर पुष्कळ प्रथिन बसते आणि वीजही सुरळीत वाहते. आपल्या देवघरातल्या कापरापासूनसुद्धा त्या बनतात म्हणे! रोहतकच्या महर्षी दयानंद विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ साली अशा नळ्या आणि हे प्रथिन एकत्र आणून माशातील झँथिन मोजून दाखविले.

शोध उत्तमच. मला चिंता आहे ती निराळीच. उद्या असे उपकरण मिरकरवाड्याच्या बंदरावर आले, तर ते कोणाच्या हातात असेल? ते एकट्या व्यापाऱ्याच्या खिशात राहिले, तर तो आकडा दाखवून भाव पाडील, आणि पाटी घेऊन बसलेल्या बाईला त्यावर बोलता येणार नाही. आज ती कल्ला उचलून लाल रंग दाखविते, बोटाने मांस दाबून दाखविते. गिऱ्हाईकही तेच पाहते. दोघांचे माप एकच असते, म्हणून तर घासाघीस रंगते!

शिवाय प्रत्येक जातीच्या माशात ही द्रव्ये सारख्या वेगाने साचत नाहीत. बांगड्याची मर्यादा सुरमईला लावून कसे चालेल? बर्फातला मासा निराळा, उन्हातला निराळा. तेव्हा या मर्यादा ठरविताना याच बायकांना शेजारी बसवावे, त्यांची नजर आणि यंत्राचा आकडा ताडून पाहावा. शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे. हे काम तेथे का होऊ नये? आणि उपकरणावरच्या सूचना पाटीवालीला समजतील अशा मराठीत लिहिण्याचे काम आपल्या मराठी विभागाने आजच मागून घ्यावे.