शोधनिबंध पाठविण्यापूर्वी

वैद्यसंमेलनांत गेली अनेक वर्षे एक तक्रार नित्य ऐकू येते. आपण रुग्ण बरे करतो, परंतु सार्वजनिक आरोग्याला वाहिलेली नियतकालिके आपली दखल घेत नाहीत. पाठविलेला निबंध परीक्षकांपर्यंत न पोहोचताच परत येतो. या तक्रारीवर टाळ्या पडतात, एखादा ठराव होतो आणि आपण आपापल्या चिकित्सालयात परततो. तक्रारीत तथ्यच नाही असे आम्ही म्हणणार नाही. दोष, दूष्य, अग्नी, सामता या शब्दांशी ज्याचा परिचय नाही असा परीक्षक आपल्या निबंधाला पूर्ण न्याय देईलच असे नाही. परंतु परत आलेले काही निबंध आम्ही सहव्यावसायिकांनी एकत्र बसून वाचले, तेव्हा एक अप्रिय गोष्ट ध्यानी आली. त्यांतील बहुतेकांत आयुर्वेद पुरेसा होता. निबंधच अपुरा होता.

याचे कारण लेखनशैलीत शोधण्याची आपली सवय आहे. इंग्रजी सुधारून घ्यावे, संदर्भ वाढवावेत, आलेख रंगीत करावेत, असे उपाय आपण करतो. खरे कारण फार आधीचे आहे. ते आपल्या नोंदवहीत आहे.

२००६ साली महाराष्ट्रात चिकुनगुन्याची साथ पसरली ती अनेकांच्या स्मरणात असेल. ताप काही दिवसांत उतरे, पण सांधे महिनोन्महिने धरलेले राहत. वेदनाशामक गोळ्यांना कंटाळलेले रुग्ण गावोगावच्या वैद्यांकडे येत. कोणी रास्नासप्तक दिले, कोणी सिंहनाद गुग्गुळ, कोणी दशमूळ आणि एरंडस्नेह. अनेकांना उतार पडला असे आपण आजही अभिमानाने सांगतो. मात्र त्या वर्षीची नोंदवही उघडली तर काय सापडते? नाव, वय, ‘सांधेदुखी’, ‘औषध ७ दिवस’. ताप कोणत्या तारखेला आला, किती सांधे सुजले होते, सकाळचा ताठरपणा किती वेळ टिकत असे, जिभेवर साम लक्षणे होती काय, रुग्णाने वेदनाशामक चालू ठेवले होते काय, यांपैकी काहीही नाही. आणि जो रुग्ण पुन्हा आला नाही तो बरा झाला असे आपण गृहीत धरले. तो दुसऱ्या चिकित्सकाकडे गेला असेल, किंवा औषध परवडले नाही म्हणून घरीच बसला असेल, ही शक्यता आपण विचारातही घेतली नाही. एवढी मोठी साथ आपल्या दारावरून गेली आणि तिच्यातून एक विश्वसनीय निबंध उभा करता येईल इतकी सामग्रीही आपल्यापैकी बहुतेकांजवळ उरली नाही. ही हानी कोणा परीक्षकाने केलेली नाही.

वास्तविक समुदायाच्या आरोग्याचा प्रश्न आपल्या शास्त्राला नवा नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसरा अध्याय त्याच प्रश्नासाठी आहे. पांचाल देशात, कांपिल्य नगरीत, गंगेच्या काठी पुनर्वसू आत्रेय शिष्यांसह असताना अग्निवेशाने विचारले ते असे की, प्रकृती, आहार, देह, बल, सात्म्य, सत्त्व आणि वय ही सर्व भिन्न असताना एकाच व्याधीने एकाच वेळी जनपदे कशी उद्ध्वस्त होतात? उत्तरात वायू, उदक, देश आणि काल हे सर्वांना समान असलेले चार भाव सांगितले आहेत. व्यक्तीव्यक्तींतील भेद बाजूला ठेवून समान कारण शोधावयाचे, हाच साथरोगशास्त्राचाही आरंभ आहे. ज्या परंपरेत हा प्रश्न इतक्या स्पष्टपणे विचारला गेला, तिच्या अनुयायांनी ‘आमचे शास्त्र व्यक्तिनिष्ठ आहे, समुदायाची मोजमापे त्याला लागू नाहीत’ असे म्हणावे हे आम्हांस पटत नाही.

सार्वजनिक आरोग्याचे नियतकालिक लेखकाला प्रथम काय विचारते? तुमचा प्रश्न कोणता, आणि तो किती लोकांविषयी आहे? ‘४० रुग्णांना लाभ झाला’ हा केवळ अंश झाला. छेद कोठे आहे? एकूण किती आले, किती निवडले, कोणत्या निकषांवर वगळले, किती मध्येच सोडून गेले, हे सांगितल्याविना त्या ४० ला काही अर्थ प्राप्त होत नाही. निरीक्षणात्मक अभ्यासाचा अहवाल कसा असावा याची ‘स्ट्रोब’ ही सूची २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. एकेका रुग्णाच्या वृत्तांतासाठी ‘केअर’ ही सूची २०१३ मध्ये आली. या सूच्या निबंध लिहून झाल्यावर पडताळण्यासाठी वापरल्या जातात. आमचे सांगणे असे की, पहिला रुग्ण तपासण्यापूर्वी त्या टेबलावर असाव्यात. जे नोंदले नाही ते नंतर लिहिता येत नाही. आणि लिहिले तर ते असत्य ठरते.

हाच कालक्रम अनुमतीलाही लागू आहे. भारतातील क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री, म्हणजे सीटीआरआय, जुलै २००७ मध्ये सुरू झाली. १ एप्रिल २०१८ पासून तेथे चिकित्साप्रयोगाची नोंदणी पहिला रुग्ण घेण्यापूर्वीच करावी लागते; मागाहून ती होत नाही. नीतिसमितीची संमतीही आधीची हवी. केवळ जुन्या रुग्णपत्रकांवर आधारलेला निबंध असला, तरी तो समितीपुढे ठेवावा लागतो. खासगी व्यावसायिकाला स्वतःची समिती नसते ही अडचण खरी आहे. परंतु भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार दुसऱ्या संस्थेच्या समितीकडे रीतसर जाता येते. २१ एप्रिल २०२० रोजी आयुष मंत्रालयाने कोविडविषयक संशोधनाची मुभा दिली, तेव्हाही याच दोन अटी घातल्या होत्या. अनेक वैद्यांनी त्या काळात अहोरात्र रुग्णसेवा केली, मात्र कागदपत्रे ‘नंतर पाहू’ म्हणून ठेवली. तो ‘नंतर’ कधी आला नाही.

औषधाच्या वर्णनाविषयी आपण फार बेफिकीर आहोत. ‘शंखपुष्पी चूर्ण ३ ग्रॅम’ असे लिहिले की आपले समाधान होते. पण कोणती शंखपुष्पी? कॉन्व्हॉल्व्ह्युलस जातीची, विष्णुक्रांता, की दक्षिणेत याच नावाने वापरली जाणारी गोकर्णी? रास्नेची तर प्रांताप्रांतांत वेगवेगळी वनस्पती वापरली जाते. वानस्पतिक नाव, वापरलेले अंग, कल्पना, निर्माता, बॅच क्रमांक, मात्रा, काल आणि अनुपान एवढे लिहिले नाही, तर दुसऱ्या वैद्यालाही तो प्रयोग पुन्हा करता येणार नाही. रसौषधींच्या बाबतीत तर ही जबाबदारी दुप्पट होते. २००४ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या पाहणीत बोस्टन परिसरातील दुकानांतील ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. त्या पाहणीवर आपण पुष्कळ रोष व्यक्त केला. भस्म यथाविधी सिद्ध होते काय, त्याच्या परीक्षा झाल्या होत्या काय, रुग्णाच्या यकृत-वृक्कांच्या तपासण्या आधी व नंतर केल्या काय, हे लिहिलेले निबंध मात्र आपण रोषाच्या मानाने फारच थोडे पाठविले.

येथे नेहमीचा आक्षेप पुढे येतो. प्रकृतिभेदाने चिकित्सा बदलते, मग सर्वांना एकच औषध देऊन केलेली तुलना आयुर्वेदाची कशी म्हणावी? आक्षेप योग्य आहे, परंतु त्यावर उत्तर निघाले आहे. संधिवाताच्या ४३ रुग्णांवर कोइमतूर येथे झालेला आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहावा. त्यात आयुर्वेदीय चिकित्सा प्रत्येक रुग्णासाठी स्वतंत्र ठरविली होती; तुलना मेथोट्रेक्सेटशी होती; कोणाला काय चालू आहे हे रुग्णाला वा तपासणाऱ्याला ठाऊक नव्हते. तीनही गटांचे परिणाम जवळपास सारखे आले. अभ्यास लहान होता, म्हणून त्यावरून अंतिम निर्णय देता येत नाही, आणि लेखकांनी तसा दिलाही नाही. पण वैयक्तिक चिकित्सेची पद्धतशीर परीक्षा होऊ शकते एवढे तरी त्यातून सिद्ध झाले.

आता सर्वांत अवघड मुद्द्याकडे येतो. ज्यांना गुण आला नाही त्यांचे काय? आपल्या निबंधांतून ते रुग्ण बहुधा दिसेनासे होतात. ‘विरोधकांच्या हाती कोलीत कशाला द्यावे?’ असे ज्येष्ठ वैद्यही म्हणतात, आणि त्यामागील जिव्हाळा आम्ही जाणतो. तरीही हा सल्ला घातक आहे असे आमचे स्पष्ट मत आहे. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भगंदरातील क्षारसूत्राच्या बहुकेंद्री अभ्यासाचे उदाहरण घ्यावे. ५०२ रुग्णांच्या त्या अभ्यासात व्याधी उलटण्याचे प्रमाण क्षारसूत्राने ४ टक्के आणि शस्त्रक्रियेने ११ टक्के आढळले. त्याच निबंधात हेही लिहिले आहे की, व्रण भरून येण्यास क्षारसूत्राने सुमारे ८ आठवडे लागले आणि शस्त्रक्रियेने ४. ती उणी बाजू लपविली असती, तर पहिल्या आकड्यावर कोणी विश्वास ठेवला असता काय? २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, गुडघ्याच्या संधिगत वाताच्या ४४० रुग्णांवरील भारतीय अभ्यासात आयुर्वेदीय कल्प ग्लुकोसमाइन आणि सेलेकॉक्सिब यांच्या तोडीचे ठरले; पण आयुर्वेदीय औषध घेणाऱ्या काहींचे यकृतातील एसजीपीटी वाढले होते, तेही लेखकांनी नमूद केले. असे नमूद करणे हा शास्त्रद्रोह नाही. पुढच्या रुग्णाला जपण्याचा तोच मार्ग आहे.

गुग्गुळाची कथा याहून बोधप्रद आहे. सुश्रुतोक्त मेदोरोगाच्या वर्णनावरून प्रेरणा घेऊन १९६६ मध्ये बनारसला डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी प्रबंध सादर केला आणि गुग्गुळावरील आधुनिक संशोधनाचा पाया घातला. २००३ साली अमेरिकेत १०३ व्यक्तींवर झालेल्या अभ्यासात मात्र गुग्गुळाच्या अर्काने एलडीएल कोलेस्टेरॉल उतरले नाही, उलट किंचित वाढले. आपण म्हणालो की तो अर्क होता, तो शोधित गुग्गुळ नव्हता, पथ्य नव्हते, रुग्णनिवड आपल्या निकषांनी नव्हती. सारे मुद्दे विचारार्ह आहेत. मग शोधित गुग्गुळ, पथ्य आणि योग्य निवड यांसह केलेले तितकेच काटेकोर निबंध आपण किती पाठविले? उत्तर व्याख्यानाने देता येत नाही. निबंधाला निबंधानेच उत्तर द्यावे लागते.

परीक्षकाच्या अभिप्रायाकडे पाहण्याची आपली दृष्टीही बदलावयास हवी. विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात तद्विद्यसंभाषेचे दोन प्रकार सांगितले आहेत : संधाय आणि विगृह्य. परीक्षकाच्या प्रश्नावर आपण बहुधा विगृह्य संभाषेचा पवित्रा घेतो. वास्तविक तो संधाय संभाषेचा प्रसंग आहे. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन ही मांडणीही त्याच अध्यायात आहे. उद्दिष्ट, पद्धती, निष्कर्ष व चर्चा हा आधुनिक निबंधाचा क्रम तिच्याशी एकरूप नसला तरी परका वाटण्याचे कारण नाही. हेतू न देता निगमन सांगणे तेथेही दोषास्पद आहे आणि येथेही.

दोन दोषांचा उल्लेख केल्याविना हे लेखन पुरे होणार नाही. काम एकाने करावयाचे आणि विभागप्रमुखांचे नाव प्रथम घालावयाचे, ही प्रथा शिष्यधर्म नव्हे. ज्याने विचार, काम, लेखन आणि उत्तरदायित्व यांत प्रत्यक्ष वाटा उचलला तोच लेखक, हा सर्वमान्य नियम आहे. इतरांचे ऋण आभारात मानावे. दुसरे असे की, पैसे भरताच आठवड्यात निबंध छापणाऱ्या नियतकालिकांपासून तरुण प्राध्यापकांनी दूर राहावे. विद्यापीठ अनुदान आयोगाची ‘केअर’ सूची २०२५ मध्ये बंद झाल्यापासून ही पारख पूर्णपणे आपल्यावर आली आहे. तेथे छापलेला निबंध पदोन्नतीच्या फायलीत शोभेल. रुग्णाच्या वा शास्त्राच्या कामी तो येणार नाही.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक तालुका शाखेने येत्या वर्षा ऋतूसाठी एकच प्रश्न निवडावा. अतिसार, विषमज्वर, दमा, जो आपल्या भागात अधिक असेल तो. सर्वांसाठी एकच रुग्णपत्रक छापावे, जवळच्या महाविद्यालयाच्या नीतिसमितीची संमती आधी घ्यावी, संख्याशास्त्राच्या जाणकाराला आरंभापासून सोबत ठेवावे, आणि जो रुग्ण पुन्हा येणार नाही त्याची दूरध्वनीने चौकशी करून त्याचे उत्तर, ते कसेही असो, जसेच्या तसे नोंदवावे. असे केलेले २०० रुग्णांचे काम संमेलनातील दहा ठरावांहून मोलाचे ठरेल. निबंध स्वीकारला जाईल अथवा न जाईल. परंतु पुढील साथ येईल तेव्हा आपली नोंदवही रिकामी असणार नाही. वैद्यबंधू-भगिनींनी याचा गांभीर्याने विचार करावा, एवढीच विनंती.