संयमाचे प्रवचन आणि रक्ताचे दोन थेंब

दिवाळी अंकात हा विषय कशाला, असे पत्र संपादकांना लिहिण्यासाठी काही वाचक आताच चष्मा पुसू लागले असतील. त्यांनी खुशाल लिहावे. फराळाच्या ताटाभोवती सारे घर एकत्र बसते ते याच चार दिवसांत, आणि मला बोलायचे आहे ते घराशीच.

बाई गरोदर राहिली की सरकारी दवाखान्यात तिचे रक्त तपासतात. त्यात एचआयव्हीचीही तपासणी असते. ती असावीच. औषध वेळेवर सुरू झाले तर मूल बहुधा बचावते. परंतु त्यातून एक विचित्र न्याय निपजला आहे. जिचे रक्त आधी तपासले, तीच दोषी! नवऱ्याचा हात सुईपुढे कोणी धरलेलाच नसतो. माझ्या हाताखालून गेलेली एक मुलगी अशीच सातव्या महिन्यात माहेरी आणून सोडली. "बाई, त्यांचंही रक्त तपासा म्हणा ना," एवढेच ती मला म्हणाली. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या पोराला काय धाड भरली आहे?" दीड महिन्याने पोरगा एकदाचा तपासायला गेला, आणि त्याचाही निकाल तोच आला. तरीही पांढऱ्या पायाची ठरली ती तीच.

निदान झाल्यावर नवराबायकोला दुसरा मार बसतो तो उपदेशाचा. "आता भावाबहिणीसारखे राहा." सांगणारा स्वतः चार लेकरांचा बाप असतो! आमचे वर्धे या उपदेशाला नवखे नाही. डिसेंबर १९३५ मध्ये मार्गारेट सँगर ही अमेरिकन बाई संततिनियमनाच्या साधनांचा आग्रह धरून येथे गांधीजींना भेटली. गांधीजींनी साधने नाकारली आणि संयम सांगितला. महात्म्यांविषयी पूर्ण आदर राखून म्हणते, त्या वादात बाईची बाजू बरोबर होती. मुंबईत र. धों. कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' काढून तेच सांगत होते आणि त्यापायी खटले सोसत होते. नुसत्या मनाईने माणसे थांबत असती तर दारूबंदीच्या आमच्या जिल्ह्यात दारू मिळाली नसती.

मी मास्तरीण आहे, डॉक्टर नव्हे. पण शास्त्र काय म्हणते ते वाचता येते. २०११ साली जाहीर झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात पुण्याचीही जोडपी होती. औषध लवकर सुरू केलेल्यांकडून जोडीदाराला होणारी लागण त्यात ९६ टक्क्यांनी घटली. पुढे युरोपातील अभ्यासांत, औषधाने ज्याचा विषाणू पुरता दबला आहे अशा माणसाकडून जोडीदाराला लागण झाल्याचे एकही उदाहरण सापडले नाही. ही औषधे सरकार २००४ पासून फुकट देते. तेव्हा रीत साधी आहे. दोघांनीही तपासावे. एकाचा निकाल निर्दोष आला तर त्याने तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे. बाधिताने गोळी एक दिवसही चुकवू नये. विषाणू दबल्याचे रक्ताच्या तपासणीत दिसेपर्यंत प्रत्येक वेळी निरोध वापरावा, आणि नंतरही, इतर गुप्तरोगांसाठी, तो हाताशी असू द्यावा. मूल हवे असेल तर डॉक्टरांना विचारून तेही होते. यात अश्लील काय आहे ते मला कोणी समजावून सांगावे.

गांधीजींचेच नाव घ्यायचे असेल तर मी दुसरी आठवण काढीन. महारोगाने पीडित परचुरे शास्त्रींना त्यांनी सेवाग्रामात झोपडी दिली आणि स्वतःच्या हाताने त्यांच्या अंगाला मालिश केली. शेजारी दत्तपूरला मनोहर दिवाणांनी १९३६ पासून महारोग्यांचीच सेवा मांडली होती. त्या भूमीत गरोदर सून घराबाहेर काढली जाते, आणि ओटीवरची मंडळी सुपारी कातरीत बसतात!

कायदाही आता बोलतो. २०१७ चा एचआयव्ही कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीवाचून तपासणी करता येत नाही, निकाल चारचौघांत सांगता येत नाही, आणि राहत्या घरातून बाधिताला काढता येत नाही. ज्या दिवशी सून दवाखान्यात जाईल त्याच दिवशी मुलालाही सोबत पाठवा. दोघांचे रक्त एकाच बाकावर बसून द्यावे. कोणास आधी चार शब्द विचारायचे असतील तर १०९७ हा सरकारी फोन फुकट आहे. तेथे नाव सांगावे लागत नाही.