तहान लपवायची सवय

पुण्याहून गोव्याला सायकलनं जायचं ठरवलं, तेव्हा माझी बावन्न वर्षं पूर्ण झाली होती आणि मैत्रिणीची चोपन्न. दोघींच्याही घरी पहिला प्रश्न तोच आला, "बरोबर कोण आहे?" "आम्ही दोघी आहोत की!" असं सांगितलं, तर पुढचा प्रश्न, "ते झालं गं, पण बरोबर कोण?"

तयारी मात्र आम्ही अगदी मन लावून केली. तीन महिने पहाटे उठून चढाचा सराव केला. पंक्चर काढायला शिकलो. सायकलवाला म्हणाला, "मावशी, तुम्ही कशाला हात काळे करताय?" तरी केले. जादा ट्यूब, हवेचा पंप, चेनला घालायचं तेल, दुखऱ्या गुडघ्याचं मलम, घरच्यांसाठी फ्रीजवर चिकटवलेली याद्यांची चळत, सगळं झालं. एका गोष्टीबद्दल मात्र आम्ही दोघी एकमेकींशी चकार शब्द बोललो नव्हतो.

डिसेंबरातल्या पहाटे निघालो. कात्रजचा जुना बोगदा पार केला, खेड शिवापूरला चहा घेतला, शिरवळला नीरा ओलांडली. हवा इतकी छान होती, की गोवा अगदी हाकेवर आहे असं वाटावं! मग आला खंबाटकी घाट. सगळ्यात हलक्या गिअरवर टाकूनही सायकल पुढे सरकेना. ट्रकचा क्लीनर ओरडला, "मावशी, टाका सायकली मागं, वर सोडतो!" मला चेव चढला आणि मी पुढे निघून गेले. वर पोचून अर्धा तास वाट पाहिली, तेव्हा मैत्रीण सायकल ढकलत आली. चेहरा लालबुंद. "ठीक आहेस ना?" मी विचारलं. "हो हो, चल." आम्हा बायकांचं हे 'हो हो, चल' किती खोटं असतं, ते मला कळायला हवं होतं. त्या रात्री वाईला मुक्काम केला. घाटावर कृष्णेच्या पाण्यात पाय सोडून बसलो, पण ती गप्पच होती.

दुसऱ्या दिवशी वाई ते कऱ्हाड. सातारा मागे टाकला, ऊन चढलं आणि उंब्रजच्या अलीकडे तिच्या पोटऱ्यांत असे गोळे आले, की ती सायकलवरून जवळजवळ पडलीच. डोळ्यांपुढे अंधारी येत होती. तिला बाभळीखाली बसवलं, पाणी द्यायला तिची बाटली उचलली, तर ती भरलेली! सकाळी भरली होती तशीच.

मी चिडले. "अगं, वेडी आहेस का? पाणी का प्यायली नाहीस?"

ती शांतपणे म्हणाली, "प्यायलं की जावं लागतं. जायचं कुठे? आणि तुला सारखं थांब थांब तरी किती म्हणायचं?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण माझी बाटलीही अर्धी होतीच. सायकल चालवताना तासाला निदान अर्धा लिटर पाणी पोटात जायला हवं, हे आम्ही दोघींनी वाचलं होतं. तरीही सकाळी एका हॉटेलात स्वच्छतागृहाला कुलूप दिसल्यावर दोघींनीही मुकाट्यानं तहान आवरली होती. एकमेकींना न सांगता!

रस्त्याकडेच्या घरातली एक आजी आमच्याकडे बघत होती. तिनं मीठ-साखर घातलेलं लिंबाचं सरबत आणून दिलं आणि न विचारताच म्हणाली, "घरात या, मोरी हाय, संडास हाय." मग हसून म्हणाली, "आमची सून एस्टीनं माहेराला निघाली, की आदल्या रातीपास्नं पानी पीत न्हाई."

मैत्रिणींनो, आठवून बघा. शाळेत आपण हेच केलं. एसटीच्या प्रवासात, लग्नाच्या हॉलवर, ऑफिसच्या दौऱ्यावर हेच केलं. मग लघवीची जळजळ, इन्फेक्शन, डोकेदुखी, आणि त्यावर पुन्हा 'काही नाही गं, उन्हानं झालं असेल.' तहान लपवणं आपल्या इतकं अंगवळणी पडलंय, की ती सोसण्याची ताकद आहे असं आपल्याला वाटू लागलंय.

सायकलनं बायकांना बाहेर काढलं, हे खरंच आहे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात साक्षरता मोहिमेबरोबर हजारो बायका सायकल शिकल्या. बिहारमध्ये २००६ साली मुलींना शाळेसाठी सायकली देण्याची योजना आली. पण चाकं मिळाली म्हणून रस्ता आपला झाला, असं होत नाही. रस्त्यावर आपल्याला थांबायलाही जागा हवी. मुंबईत २०११ पासून बायकांनी 'राइट टू पी' ही चळवळ चालवली, तेव्हा किती जणांनी नाकं मुरडली! नाव ऐकून मीही जरा संकोचलेच होते. त्या बाभळीखाली बसल्यावर मला त्या चळवळीचा अर्थ कळला.

सरकारनं स्वच्छतागृहं बांधावीत, पेट्रोल पंपांनी ती उघडी आणि स्वच्छ ठेवावीत, हे तर मागायलाच हवं. पण मागायचं तर आधी तोंड उघडावं लागतं. आपण मैत्रिणीपाशीही ते उघडत नाही. आणि मी? घाटात पुढे निघून जाताना तिला थांब म्हणायची जागाच ठेवली नव्हती. चूक फक्त कुलपाची नव्हती, थोडी माझीही होती.

त्या रात्री कऱ्हाडला आम्ही दोन नियम केले. दर तासाला थांबायचं आणि दोघींनी एकमेकींसमोर पाणी प्यायचं. आणि जायचं असेल तर बिनदिक्कत, मोठ्यानं विचारायचं. तिसऱ्या दिवशी कोल्हापूरच्या वाटेवर आम्ही पंपावर विचारलं, शाळेत विचारलं, ओसरीवर बसलेल्या बायकांना विचारलं. एका पंपावरचा मुलगा म्हणाला, "चावी मालकांकडं असते." मैत्रीण सायकल स्टँडवर लावत म्हणाली, "मग आण की जाऊन. आम्ही थांबतो."

पाचच मिनिटांत चावी आली. आमच्यामागे स्कूटरवरून आलेल्या दोघीजणी, आम्ही न सांगताच, रांगेत उभ्या राहिल्या.