उचल सरदाराची, वसुली मजुराकडून

रायपूरच्या पंडरी भागात ठेकेदार मंडळींची ओरड आमच्या कानी येते : सरदार उचल घेतो, चाळीस माणसे कबूल करतो आणि गाडीच्या वेळी पंधराच उभी करतो. तक्रार खोटी नाही. पण बुडालेली उचल शेवटी आलेल्या पंधरांच्याच मजुरीतून कापली जाते, त्याचे काय?

'सरदाराशी आमचा संबंध नाही' हे ठेकेदाराने सांगू नये. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने खातादार, सरदार व एजंट यांना ठेकेदाराच्याच व्याख्येत बसविले होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा नव्या संहितेने घेतली. ठेकेदाराने वेतन थकविल्यास मुख्य मालकाने ते द्यावे, ही १९७० च्या ठेका कामगार कायद्यातील तरतूद संहितेत टिकली. परंतु २० मजुरांची अट ५० वर गेली.

रेल्वे व टपाल खात्यातील बंधूंनो, सफाई आणि चढउताराच्या ठेक्यात मुख्य मालक आपले खातेच आहे. म्हणून ठेक्यावरील माणसे मोजा, हजेरीपट तपासा. पन्नासावा मजूर कागदावरून गळला, तर उरलेल्या एकोणपन्नासांचाही हक्क गळतो.